केतकीबद्दल बोलायचं नाही

खांबेट्यांच्या घरात दोन केतक्या होत्या. एक पंचवीस वर्षांची, विमान चालवणारी आणि घरी आली की ओला टॉवेल पलंगावर टाकणारी. दुसरी पृथ्वीपासून चौदा प्रकाशवर्षांवर, एका लाल बटू ताऱ्याभोवती फिरणारी, आकारानं गुरूएवढी थोरली. मंदार खांबेट्यांनी तो ग्रह शोधला त्याच महिन्यात त्यांना मुलगी झाली, आणि ग्रहाला नाव सुचवायची संधी त्यांच्या गटाकडे आली तेव्हा त्यांनी फार डोकं खाजवलं नाही. पेढे वाटले ते दोघींचे मिळून. त्यांची बायको मृदुला तेव्हा शेजारणींना गच्चीवर नेऊन आभाळाकडे बोट दाखवायची. तो तारा नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिनं बोट खाली घेतलं नसतं.

कौतुक संपलं ते गेल्या गणपतीत. गौरी जेवायच्या दिवशी पानं वाढून झाली होती, आणि मंदार वरणभातावर तूप घेता घेता म्हणाला, "मृदुला, केतकी ताऱ्यात पडणार गं. गणित तीनदा तपासलं."

मृदुलाच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला लागली आग!

"तोंड आवर," ती म्हणाली. "गौरी बसल्यात समोर."

"अगं, ग्रहाबद्दल बोलतोय मी."

"कळतंय मला. पण वास्तूला कळतंय का?"

मृदुला काही अडाणी नव्हती. तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता, माणसाच्या शरीरातला स्नायू न् स्नायू तिला ठाऊक होता. पण वास्तुपुरुष दिवसातून एकदा 'तथास्तु' म्हणतो आणि तो नेमका कधी म्हणेल ते सांगता येत नाही, हे तिच्या आईनं तिला बोलायला यायच्या आधीपासून शिकवलं होतं. तिच्या घरात बांगडी फुटत नसे, वाढत असे. नारळ वाढवत, दुकान वाढवत, कुंकू संपलं तर तेही वाढत असे. घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणाला तर त्याला उंबऱ्यातून परत बोलावून 'येतो' म्हणायला लावत. असल्या घरात मुलीच्या नावापुढे 'पडणार' हा शब्द लागला होता, आणि तोही बापाच्या तोंडून.

मंदारनं नंतर तिला नीट समजावलं. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, तशी त्या ग्रहामुळे ताऱ्याच्या अंगावर भरती येते, वायूचा एक फुगवटा उठतो. तारा स्वतःभोवती हळू फिरतो आणि ग्रह त्याच्याभोवती भरधाव, त्यामुळे फुगवटा नेहमी ग्रहाच्या थोडा मागे राहतो. मागे राहिलेला फुगवटा ग्रहाला मागे ओढतो. कडेवरच्या पोरानं पदर ओढत राहावं तसं, क्षणाक्षणाला थोडं थोडं. ग्रहाचा वेग कमी होत नाही, उलट तो आणखी जवळच्या कक्षेत घसरतो, तिथे भरती आणखी मोठी, ओढ आणखी जास्त. कोट्यवधी वर्षं हे इतकं सावकाश चालतं की कुणाला पत्ता लागत नाही. शेवटी मात्र बघता बघता सगळं आटपतं. आणि त्या ताऱ्यात ग्रह अख्खा पडायचाच नाही. तारा लहान पण घट्ट, ग्रह मोठा पण भुसभुशीत. जवळ जाताच त्याच्या चिंध्या होणार, त्यांचं कडं ताऱ्याभोवती फिरणार आणि ते आत कोसळताना इतकं तापणार की त्यातून क्ष-किरणांचा लोट उठेल.

"कधी?" मृदुलानं विचारलं.

"आपल्याला दिसेल अजून दोनेक वर्षांनी. तसं पाहिलं तर होऊन गेलंय ते. प्रकाशाला इथे यायला चौदा वर्षं लागतात ना."

हे ऐकून तिला आधी धसका बसला आणि मग जरा बरं वाटलं. होऊन गेलंय म्हणजे केतकी बारा-तेरा वर्षांची असताना. त्या वर्षी ती सायकलवरून आपटली होती आणि हनुवटीला टाके पडले होते. तेच असेल, त्यावरच निभावलं असेल, असं मृदुलानं मनाशी घट्ट धरून ठेवलं. ही समजूत किती वेडगळ आहे हे तिलाही कळत होतं, पण भ्यालेल्या माणसाला आधार लागतो, त्याची जात कोण बघतो?

शोधनिबंध मात्र लिहून तयार होता. मृदुला म्हणाली, गणपती होऊ देत. मग पितृपक्ष लागला. पितृपक्षात का कुणी असलं बोलतं? मग नवरात्र आलं. दसऱ्याला केतकीचं लग्न ठरलं, माघातला मुहूर्त निघाला, आणि मृदुलानं नवऱ्याचे दोन्ही हात धरले. "लग्न होईपर्यंत थांब. जगभर बातम्या होतील, केतकी पडणार, केतकीचे तुकडे होणार. तिच्या सासरची माणसं वाचतील. माझ्या घरातून हे वाक्य बाहेर जायला नको, मंदार." घरात त्या ग्रहाला दोघं नुसतं 'ती' म्हणू लागले होते.

मंदार सभांमधून अंधश्रद्धेवर टाळ्या घेणारा माणूस. पण तो थांबला. गणितानुसार वेळ होता हे खरंच, आणि त्यालाही ते वाक्य स्वतःच्या सहीनिशी छापायचं जिवावर आलं होतं, हे दुसरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही.

लग्न पंधरवड्यावर आलं तेव्हा त्याची सहकारी तेजल वानखडे केळवणाची साडी घेऊन घरी आली. केतकी नोकरीच्या ठिकाणाहून, गोव्याहून, दोन दिवसांसाठी आली होती आणि आतल्या खोलीत होणाऱ्या सासूबाईंशी फोनवर गोडगोड बोलत होती. तेजलनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"सर, परवाची मोजणी बघितली न तुम्ही? थोडी थोडी वाढून राहिली ताऱ्याची चमक. आता नाही सांगितलं तर मग कधी सांगायचं?"

"वाढ किरकोळ आहे," मंदार म्हणाला. "ताऱ्यावरचा डागही असू शकतो."

"असू शकते. पण नसला तर?" तेजल मृदुलाकडे वळली. "ताई, आपल्या डोक्यावर हवेचा जो वरचा थर आहे न, आयनांबर, त्याच्यातून उपग्रहांचे संदेश खाली येतात. क्ष-किरणांचा लोट आला की तो थर खवळते. भांड्याच्या तळाशी नाणं आहे आणि वर पाणी उकळून राहिलं, तर नाणं कुठं आहे ते दिसते काय? तसं होईल. बस, बोटी, विमानं, कोणालाच आपण कुठं आहो ते कळणार नाही. दुर्बिणींच्या जाळ्याला आधी भाकीत दिलेलं असलं तर ते दोन-चार दिवस अगोदर सगळ्यांना सावध करते. भाकीत नसलं तर एवढी मोठी वाढ म्हणजे यंत्र बिघडलं, असं समजून ते जाळं नोंद बाजूला टाकते."

आतून केतकीचं हसणं ऐकू येत होतं. मृदुलानं तेजलच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "पंधरा दिवस, तेजल. तेवढेच. मांडव उतरला की मीच त्याला टेबलाशी बसवते."

तेजलनं सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते.

केतकी निघाली तेव्हा मृदुलानं तिची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या ओवाळताना ती पुटपुटली, "लग्नापर्यंत रजा का नाही घेत?"

"आई, गुरुवारची एकच खेप राहिलीये. लक्षद्वीपला औषधं पोचवायची. सुहैल पुढे जाणार, मी त्याच्या मागे तासाभरानं. ठरलंय आमचं."

सुहैल परकार हा तिचा वरिष्ठ, दापोलीकडचा. तिला समुद्रावरचं उडणं त्यानंच शिकवलं होतं आणि वरातीत ढोल वाजवायचं कबूल केलं होतं.

"सांभाळून जा... ये," मृदुला म्हणाली. जीभ अशी घसरली म्हणून तिनं मिठाची मूठ आणखी एकदा ओवाळली.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात ती एका आजोबांचा गुडघा वाकवत होती. खिडकीबाहेर रस्ता वाहत होता. आणि मग तो थांबला. चालकाविना धावणारी बस सिग्नल हिरवा असताना चौकाच्या मधोमध उभी राहिली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. सामान पोचवणाऱ्या गाड्या दिवे उघडझाप करत कडेला लागल्या. माणसं उतरून एकमेकांना विचारू लागली. आभाळ स्वच्छ निळं होतं, ऊन पडलं होतं, वर कुठेही काही नव्हतं.

"डॉक्टरीणबाई, दुखतंय," आजोबा म्हणाले. तिनं त्यांचा पाय फारच घट्ट धरला होता.

तिनं मंदारला फोन लावला. तो पहिल्याच रिंगला बोलला.

"सुरू झालं," तो म्हणाला. "चिंध्या व्हायला लागल्यात. माझं गणित चुकलं, मृदुला. ग्रह अख्खा धरला होता मी. बाहेरचा थर आधीच निघत होता, तो मी मोजलाच नाही."

"किती वेळ चालेल?"

"निदान संध्याकाळपर्यंत. कदाचित उद्याही. सगळ्यांना कळवतोय, पण दुर्बिणींच्या जाळ्यानं ही नोंद बिघाड म्हणून टाकून दिलीये. पुरावा मागतायत. निबंध कुठे छापलाय विचारतायत."

"केतकी हवेत आहे."

"हो. गोव्याच्या ऑफिसला फोन केला होता. ते म्हणतात, सूर्यावरचं वादळ असेल, दहा मिनिटांत सिग्नल परत येईल. तोवर वैमानिकांनी आहे ती दिशा धरून पुढे जायचं, असा वरून आदेश आहे."

पुढे म्हणजे कुठे? मृदुलाला ते चित्र लख्ख दिसलं. केतकीनं एकदा तिला नकाशावर ते बेट दाखवलं होतं. अरबी समुद्राच्या निळ्या कपाळावर टिकली टेकवावी एवढं. होकायंत्राचा काटा बघून उडालं आणि वाऱ्यानं जरा बाजूला नेलं, की टिकली चुकली. मग चहूकडे पाणी. बॅटरीवरचं विमान, बेटापर्यंत पुरेल आणि वर थोडं, एवढीच त्याची ताकद. मागे वळलं तर मात्र समोर अख्खा किनारा, केरळपासून गुजरातपर्यंत आडवा पडलेला. तो आंधळ्यालाही चुकायचा नाही. पण वळायला हवं ते आत्ता, अर्ध्या वाटेच्या आत.

तिनं गोव्याच्या ऑफिसला फोन लावला. केतकीच्या साहेबानं, कॅप्टन मिनेझिसनं, उचलला. दर दिवाळीला मृदुलाच्या हातचे बेसनलाडू त्याच्याकडे जात आणि डबा रिकामा कधी येत नसे.

"मृदुलाताई, तुम्ही घाबरू नका गो. तुमच्या मिस्टरांनी सांगितलं मला. पण ते म्हणतात, 'बहुधा ग्रह असावा, बहुधा बराच वेळ चालेल.' बहुधावर मी विमान परत फिरवू? वरून ऑर्डर आहे. सिग्नल आला आणि औषधं पोचली नाहीत, तर मी काय उत्तर देऊ?"

"तिच्याशी बोलता येईल का मला?"

"रेडिओवर? तसं चालत नाही."

"कॅप्टन, पुन्हा कधी काही मागणार नाही. एक मिनिट."

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर झाली. मग त्यानं फोन मायक्रोफोनला लावला असावा, कारण त्या खरखरीतून केतकीचा आवाज आला, कामावरचा, मृदुलानं कधी न ऐकलेला कोरडा आवाज.

"ऑफिस, सिग्नल अजून नाही. दिशा धरून आहे. अर्धी वाट जवळ आली. पुढे जाऊ का, सांगा."

"केतकी, आई बोलतेय."

"आई? तू काय करतेयस इथे? झालं काय? लवकर बोल."

मृदुलानं तोंड उघडलं. "अगं, बाबांची ती... ती..." आणि शब्द येईना. खरोखर येईना. मुलगी समुद्रावर लोंबकळत असताना आईनं तिचं नाव घेऊन ते म्हणायचं? आत्ता, या क्षणी वर कुणी ऐकत असेल तर? गुडघा धरून बसलेले आजोबा तिच्याकडे टक लावून बघत होते.

"आई, वेळ नाहीये."

"केतकी फुटली," मृदुला ओरडली. "बाबांची केतकी फुटली, तुकडे झाले तिचे, ताऱ्यात पडतेय ती. हे सगळं तिच्यामुळे चाललंय आणि संध्याकाळपर्यंत काहीसुद्धा परत येणार नाही. बेटाकडे जाऊ नकोस. मागे फीर."

"आई, तू म्हणालीस हे? फुटली म्हणून?"

"म्हणाले."

"मग खरंच असणार," केतकी म्हणाली. "ऑफिस, मी वळतेय. पूर्वेला, किनाऱ्याकडे. आदेश मोडल्याची नोंद माझ्या नावावर करा." मग तिचा आवाज जरा हलला. "सुहैल पुढे आहे. मी त्याला कळवते. पण तो फार पुढे गेलाय, कॅप्टन. त्याला वळता येणार नाही. त्याला बेट शोधावंच लागेल."

त्यानंतरचा वेळ मृदुलानं दवाखान्याच्या फरशीवर बसून काढला. फोन कानाला होता आणि फोनमध्ये नुसती खरखर. आजोबांनी स्वतःच्या दुखऱ्या पायानं उठून तिला पाणी आणून दिलं आणि काही न विचारता शेजारी बसून राहिले. आपण बोललो, आपल्या तोंडानं बोललो, हे एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. वळताना पंख कलला असेल का, बॅटरी पुरेल का, समोरून वारा असेल का? तिला देव आठवेना, स्तोत्र आठवेना. मग मिनेझिसचा फाटलेला आवाज आला, "उतरली, ताई! कारवारच्या खाली, वाळूत उतरली. चाक मोडलं फक्त. पोर उभी आहे." मृदुलानं फरशीवर कपाळ टेकलं आणि ती हमसाहमशी रडली.

केतकी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. एव्हाना साऱ्या जगाला सगळं कळलं होतं. मंदार टीव्हीवर तीच वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत होता, की संशोधन पडताळणीच्या टप्प्यात होतं आणि वाढीचा वेग अनपेक्षित होता. मृदुलानं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला, तिला कवटाळलं, पाठीवरून, केसांवरून हात फिरवला. केतकीनं सगळं करू दिलं. ती ताठ उभी होती.

"सुहैल सापडला नाही अजून," ती म्हणाली. "शेवटपर्यंत बोलत होता माझ्याशी. खाली नुसतं पाणी दिसतंय म्हणाला, बेट डावीकडे असेल की उजवीकडे, तूच सांग म्हणाला. मी काय सांगणार होते?"

"देव करो आणि..."

"आई, बाबांना कधी कळलं?"

मृदुलाला खोटं बोलता आलं असतं. परवाच कळलं, असं म्हणता आलं असतं. मंदार टीव्हीवर साधारण तेच सांगत होता. पण समोर उभी असलेली ही मुलगी आईच्या एका शब्दावर भर समुद्रात वळली होती.

"गणपतीत," ती म्हणाली. "सगळं लिहून तयार होतं. तेजल घरी येऊन बजावून गेली, विमानांचंसुद्धा सांगून गेली. मीच थांबवलं. तुझ्या लग्नात अभद्र नको म्हणून."

केतकीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेला काय म्हणावं ते मृदुलाला कळेना. राग असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे काल तू मला सांगितलंस," केतकी म्हणाली. "मला एकटीला."

ती खुर्चीवर बसली, खिशातून फोन काढला आणि एक नंबर लावून तो आईच्या हातात दिला.

"दापोलीला लावलाय. सुहैलच्या आईला. कालपासून सगळ्यांना विचारतायत त्या, की आधी कुणालाच कसं कळलं नाही म्हणून. मला नाही सांगता येत. तू सांग."

"अगं, आत्ता... मी त्यांना काय..."

पलीकडे एकच रिंग वाजली आणि कुणीतरी घाईघाईनं फोन उचलला.

"हॅलो? केतकी बेटा? काही कळलं का गं त्याचं?"